लोखंड टिकतं, रबर दगा देतं : जुन्या स्नोमोबाईलच्या गमतीजमती

मुंबईत पश्चिम रेल्वेच्या फलाटावर उभं राहिलं की कुणी ना कुणी म्हणतंच, “बंबार्डियर आली बघ.” २०१५ पासून धावू लागलेल्या या लोकलगाड्यांमधली विजेची यंत्रणा बंबार्डियर कंपनीची, म्हणून प्रवाशांनी गाडीलाच ते नाव देऊन टाकलं. मुळात हे एका माणसाचं आडनाव. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, वालकूर नावाच्या गावाजवळ १९०७ साली जन्मलेल्या जोसेफ-आर्मां बोम्बार्दिये याचं. त्याने स्वतः कधी रेल्वेचा डबा बनवला नाही. कंपनी रेल्वेकडे वळली ती त्याच्या मृत्यूनंतर. हा माणूस जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे होता : बर्फावरून पळणारं वाहन.

त्या वाहनाचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे नमुने आज कॅनडा-अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत गोठ्यांच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठारात धूळ खात पडलेले सापडतात. त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं ते हुडकून काढतात, उन्हाळाभर खपतात आणि पहिला बर्फ पडला की दोरी ओढून यंत्र पुन्हा बोलतं करतात. या मंडळींच्या गॅरेजात डोकावलं की एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. लोखंडाला फारसं काही झालेलं नसतं. दगा दिलेला असतो तो रबराने : नळी, पडदा, सील, पट्टा. पुढच्या कित्येक गमतींत कुठे ना कुठे हे रबर डोकावणारच आहे.

उघडा पंखा आणि वडिलांची धडधड

बोम्बार्दियेला लहानपणापासून यंत्रांचा नाद. वडिलांनी त्याला फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीचं एक मोडकं इंजिन आणून दिलं. पोराने ते दुरुस्त केलं, घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि ३१ डिसेंबर १९२२ रोजी भावाला पुढे दिशा सांभाळायला बसवून गावातून निघाला. वय वर्षं पंधरा! मागे तो पंखा उघडाच गरगरत होता. वडिलांनी ते पाहिलं आणि सगळं सोडवून ठेवायला लावलं. स्नोमोबाईलच्या इतिहासातली ही पहिली ‘सुरक्षा तपासणी’ म्हणायला हरकत नाही, आणि ती अगदी योग्य होती.

एका बापाचं दुःख

१९३४ च्या हिवाळ्यात बोम्बार्दियेचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाखाली गाडलेले, इस्पितळ दूर, आणि घरात जे वाहन होतं ते चालण्याच्या स्थितीत नव्हतं. त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांत हिवाळा म्हणजे चार-पाच महिने जगाशी संबंध तुटणं. पुढच्या तीन वर्षांत त्याने जे घडवलं त्याला १९३७ मध्ये पेटंट मिळालं : रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबरी पट्टा. लोखंडावर लोखंड असतं तर बर्फ चिकटून, गोठून सगळं जाम झालं असतं. रबर वाकतं, आणि वाकताना बर्फ झटकून टाकतं. सगळी करामत त्यात होती. ते दातेरी चाक पुढे कंपनीचं बोधचिन्हच झालं.

या जोडणीवर आधी सात जणांची ‘बी-७’ आली, मग बारा जणांची ‘बी-१२’. गोल खिडक्यांच्या या गाड्यांतून डॉक्टर फिरले, टपाल फिरलं, मुलं शाळेत गेली. १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने हिवाळ्यात रस्ते मोकळे ठेवण्याचा कायदा केला आणि मोठ्या बर्फगाड्यांची मागणी धाडकन खाली आली. पण काही बी-१२ अजून निवृत्त झालेल्या नाहीत! मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग सरोवराचा पृष्ठभाग गोठला की तिथले मासेमार आजही या गाड्या घेऊन बर्फाखाली जाळी टाकायला जातात. गाडीचं अंग प्लायवुडचं, त्यामुळे दुरुस्तीला मेकॅनिक आणि सुतार दोघंही लागतात. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या गाडीपेक्षा मासळीचा वास लागलेली ही गाडी मला कितीतरी मोलाची वाटते.

‘डॉग’ चा ‘डू’ झाला

एक-दोन माणसांची, हलकी, स्वस्त बर्फगाडी हे बोम्बार्दियेचं जुनं स्वप्न. ते अडलं होतं दोन गोष्टींवर : हलकं इंजिन आणि टिकाऊ पट्टा. थोरला मुलगा जर्मेन याने सांधा नसलेला, अखंड रबरी पट्टा तयार केला. छोटी इंजिनंही बाजारात आली. १९५९ मध्ये पिवळीधमक गाडी तयार झाली. ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार, म्हणून नाव ठरलं होतं ‘स्की-डॉग’. छपाईत की रंगवताना अक्षराची गफलत झाली, ‘स्की-डू’ उमटलं आणि तेच राहिलं, अशी कथा सांगतात. सुरुवातीच्या नगांपैकी एक ऑन्टारिओच्या उत्तरेकडच्या लॅन्सडाउन हाउस इथल्या मॉरिस विमे या मिशनरी मित्राला मिळाला. पहिल्या हंगामात विकल्या गेल्या त्या सव्वादोनशे गाड्या.

आपण जशी कुठल्याही यंत्रावर काढलेल्या प्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, किंवा आपल्या आज्या कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणायच्या, तसं उत्तर कॅनडात कुठल्याही कंपनीच्या स्नोमोबाईलला ‘स्कीडू’च म्हणतात.

धान्याच्या यंत्राचा पट्टा, शेवरलेचा बंपर

अमेरिकेतली गोष्ट आणखी गावरान. मिनेसोटातल्या रोसो या गावी हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन शेतीची अवजारं बनवत. हिवाळ्यात शिकारीच्या झोपडीपर्यंत बर्फ तुडवत जायचा कंटाळा, म्हणून १९५५-५६ च्या हिवाळ्यात जॉन्सन आणि सोबत्यांनी कारखान्यातल्याच सटरफटर सामानातून गाडी जोडली. धान्य वर चढवणाऱ्या यंत्राची साखळी घेऊन पट्टा केला, शेवरले मोटारीचा बंपर कापून पुढच्या स्की केल्या, आणि वर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं छोटं इंजिन. पैशांची चणचण होती, म्हणून ती लगेच ४६५ डॉलरला विकून टाकली. ती कंपनी म्हणजे आजची पोलारिस.

या नव्या खेळण्यावर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९६० च्या मार्चमध्ये एडगर हेटीन सोबत्यांसह अलास्कात बेथेलहून फेअरबँक्सपर्यंत हजार मैलांहून अधिक अंतर या गाड्यांवर गेला. तीन आठवडे लागले. तो पराक्रम त्याच्याच कंपनीतल्या भागीदारांना फारसा रुचला नाही. हेटीन बाहेर पडला आणि जवळच्या थीफ रिव्हर फॉल्स गावात त्याने दुसरी कंपनी काढली : आर्क्टिक कॅट. पुढे पन्नास वर्षं या दोन गावांची चुरस चालली. जुन्या आर्क्टिक कॅटच्या आसनावर बिबट्याचे ठिपके असायचे. ते मूळ ठिपक्यांचं आसन न फाटता मिळालं तर संग्राहक हरखून जातात.

नाव कुणाचंही असो, इंजिन कुणाचं ते विचारा

१९७० च्या आसपास उत्तर अमेरिकेत स्नोमोबाईल बनवणाऱ्या शंभरहून अधिक कंपन्या होत्या. मोटारसायकलवाल्या हार्ली-डेव्हिडसनने बनवली. मॅसी फर्ग्युसनने बनवली, तिचं नाव ‘स्की व्हिझ’. ज्या जॉन डिअरचे ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीला तयार होतात, तिनेही हिरव्या रंगाच्या स्नोमोबाईल काढल्या होत्या. मग १९७३ चं तेलसंकट आलं, पाठोपाठ कमी बर्फाचे हिवाळे आले आणि एकेक दुकान बंद पडत गेलं. आता मोठी नावं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. १९६८ पासून या धंद्यात असलेल्या यामाहानेही २०२३ मध्ये निरोप जाहीर केला.

मग बुडालेल्या कंपनीच्या गाडीचा पार्ट मिळणार कुठून? इथेच खरी गंमत आहे. या शंभर कंपन्यांपैकी बहुतेकांनी स्वतःचं इंजिन कधी बनवलंच नाही. जर्मनीची झाक्स, हिर्थ आणि जेएलओ, ऑस्ट्रियाची रोटॅक्स, अमेरिकेची कोहलर अशा मोजक्या कारखान्यांची इंजिनं आणून आपल्या रंगाच्या टपाखाली बसवली. म्हणजे लाल टपाच्या गाडीची रिंग निळ्या टपाच्या गाडीत चालते. जुनी स्नोमोबाईल विकत घेणारा जाणता माणूस टपावरचं नाव वाचत बसत नाही. तो गुडघ्यावर बसतो, टप उचलतो आणि इंजिनावरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा क्रमांक टिपून घेतो.

दोरी ओढायची घाई नको

वीस वर्षं पडून असलेली गाडी घरी आली की सगळ्यात मोठा मोह म्हणजे दोरी ओढून बघणं. तो आवरावा. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर असतो. कोरडा पिस्टन त्यावरून ओढला की रिंगा आणि भिंत दोन्हींवर चरे पडतात. म्हणून आधी प्लग काढायचा, गंज सोडवणारं तेल आत सोडायचं आणि वाट बघायची. एक रात्र, कधी एक आठवडा. पिस्टन जाम असेल तर हातोड्यापेक्षा हे थांबणंच जास्त काम करतं. हलक्या हाताने, थोडं पुढे थोडं मागे करत राहिलं की एके दिवशी तो सुटतो.

आता सर्वात झकास युक्ती. मॅग्नेटच्या जड चाकाचा नट सोडवायचा तर चाक फिरता कामा नये. खास हत्यार नसेल तर काय कराल? साधी सुती दोरी घ्यायची! पिस्टन वर येऊ लागला आणि त्याने सिलिंडरच्या भिंतीतली धूर बाहेर जायची खिडकी झाकली की प्लगच्या भोकातून दोरी आत सारायची. एक टोक मात्र बाहेर ठेवायचं. दोरीची मऊ गुंडाळी पिस्टन आणि हेडच्या मध्ये अडकते, इंजिन जागच्या जागी थांबतं आणि पान्याचा एक हिसका दिला की नट सुटतो. खिडकी झाकली जाण्याआधीच दोरी घातली तर ती तिथे अडकून कातरली जाते, तेवढं मात्र सांभाळायचं.

चाक निघालं की खाली दिसतात पॉइंट. या गाड्यांना बहुधा बॅटरी नसतेच. चाकातले चुंबक वेटोळ्याजवळून फिरतात, वीज तयार होते आणि पॉइंट उघडल्याक्षणी प्लगला ठिणगी मिळते. पॉइंटमधली फट साधारण ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. पडून राहिल्याने पॉइंटच्या तोंडावर काळपट थर चढतो. बारीक कागदाने तो घासला, स्वच्छ कापड ओढून पुसलं, की ‘हे इंजिन मेलंय’ म्हणून मातीमोल भावात दिलेलं यंत्र पहिल्या ठिणगीला जागं होतं. किती व्यवहार निव्वळ या काळ्या थरापायी झाले असतील!

त्याच चाकाखाली अर्ध्या चकतीच्या आकाराचा एक छोटा लोखंडी तुकडा खाचेत बसलेला असतो. चाक आणि क्रँक यांची जागा तो पक्की करतो. नट सैल राहून हा तुकडा कातरला गेला, की ठिणगी भलत्या वेळी पडू लागते. मग इंजिन दोरी उलटी हिसकतं, हाताला झटका बसतो, आणि माणूस बिचारा कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

तीस रुपयांच्या सीलची किंमत

रुपयांचा आकडा केवळ बोलायचा, पण मुद्दा खरा. टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँक ज्या पोकळीत फिरतो ती पोकळीच पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की ती पेट्रोल आणि हवा आत ओढते, खाली आला की वर ढकलते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराचे ऑइल सील असतात. चाळीस वर्षांत ते कडक होतात, कडेने चिरतात आणि बाहेरची हवा चोरून आत येऊ लागते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोलमधूनच ऑइल मिळत असल्याने ऑइलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला चिकटतो. कधी त्याच्या डोक्याला चक्क भोक पडतं.

वाईट म्हणजे बिघडण्याआधी इंजिन जोरात आणि मोकळं पळतं. चालवणारा खूश होतो, आणि त्याच फेरीत ते सीझ होतं.

यावरची तपासणी मात्र आपल्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याला विचारावी अशी. इंजिनाची येण्या-जाण्याची तोंडं बंद करायची, छोट्या पंपाने आत थोडीशी हवा भरायची, दाब उतरतो का ते काट्यावर बघायचं आणि सीलवर साबणाचं पाणी टाकायचं. बुडबुडे दिसले की चोर सापडला. ही तपासणी न करता जुनं इंजिन बर्फावर नेणं म्हणजे ट्यूब न बघता घाट उतरणं.

थंडी वाढली की इंजिन तापतं

हे वाक्य उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. थंड हवा दाट असते. २० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा उणे ३० अंशांची हवा सुमारे २० टक्के दाट. म्हणजे प्रत्येक घोटात इंजिन जास्त हवा पितं. पेट्रोल त्या मानाने वाढवलं नाही तर मिश्रण पातळ होतं आणि वर सांगितलेलीच गत होते. म्हणून पारा कोसळला की जुन्या गाडीचे मालक कार्ब्युरेटरमधलं पितळी जेट बदलून मोठ्या भोकाचं बसवतात. डोंगरावर जाताना उलट, हवा विरळ म्हणून लहान भोकाचं.

मिश्रण बरोबर आहे की नाही हे प्लग सांगतो. प्लगचं टोक चॉकलेटी असेल तर उत्तम, काळंकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर थांबा, पुढे जाऊ नका. हे सगळं चेतकवाल्यांना पाठ आहे. पूर्वी पेट्रोलपंपावर स्कूटरच्या टाकीत मोजून ऑइल टाकलं जायचं, लिटरला वीस मिलिलिटर, तेच गणित इथे. फक्त साठच्या दशकातल्या स्नोमोबाईलना ऑइल जास्त लागायचं. काहींचं प्रमाण वीसास एक होतं, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला पाव लिटर ऑइल! त्यामुळे प्लग सारखे काळे पडायचे, आणि म्हणून कित्येक गाड्यांच्या टपाखाली जादा प्लग खोचून ठेवायला खास जागा केलेली असे.

पंप आहे, पण मोटर नाही

पेट्रोलची टाकी खाली, कार्ब्युरेटर वर. मग पेट्रोल चढतं कसं? क्रँकच्या पोकळीत दर फेरीला दाब वाढतो आणि उतरतो. तिथून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला असलेला पातळ पडदा त्या श्वासाबरोबर आतबाहेर होतो. पेट्रोल वर येतं ते त्या पडद्याच्या हालचालीने. वीज नाही, मोटर नाही. टिलटसन बनावटीच्या जुन्या कार्ब्युरेटरात हा पडदा कार्ब्युरेटरच्या पोटातच असतो, आणि गाडी उतारावर कितीही कलली तरी पेट्रोल येत राहतं. पण पडदा वाळून कागदासारखा कडक झाला की इंजिन दोन मिनिटं चालतं आणि उपाशी मरतं. उपाय एकच, नवा पडदा.

याच रबराचा आजचा शत्रू म्हणजे इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं आणि त्या काळी बनलेल्या नळ्या-पडद्यांना फुगवतं, विरघळवतं. म्हणून अमेरिका-कॅनडातले जुन्या गाड्यांचे मालक बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळणारा पंप शोधत लांब जातात, आणि नळ्या नव्या जातीच्या बसवतात. आपल्याकडेही आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

गिअर नाही, आणि रिव्हर्सही नाही

जुन्या स्नोमोबाईलला बहुधा गिअर नसतात. इंजिनाच्या टोकाला एक दुभंगलेली पुली, मागे दुसरी, मध्ये रबरी पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की पहिल्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन फाका जवळ येतात, पट्टा कडेकडे चढतो आणि वेग आपोआप वाढत जातो. किनेटिक होंडा किंवा ॲक्टिव्हा चालवली असेल तर हीच यंत्रणा तुमच्या पायाखाली फिरलेली आहे. फरक इतकाच की स्कूटरचा पट्टा झाकणाआड असतो, तर स्नोमोबाईलचा पट्टा टप उचलला की समोर. तुटला तर रानात, हातमोजे काढून, पाच-दहा मिनिटांत बदलता येतो. जादा पट्टा बरोबर न घेता निघणाऱ्याला जुनी मंडळी सरळ परत पाठवतात, आणि बरोबर करतात. उणे २५ अंशांत दहा किलोमीटर चालत परतताना शहाणपण सुचून उपयोग नसतो.

मागे जायचं असेल तर उतरायचं, गाडीचं मागचं अंग उचलायचं आणि वळवायची. पण टू-स्ट्रोक इंजिनात एक अजब गुण दडलेला आहे : ठिणगीची वेळ चुकली तर ते चक्क उलटं फिरत चालू राहू शकतं! जुन्या मेकॅनिकांना हा विनोदी बिघाड माहीत होता. पुढे कंपन्यांनी त्याचंच सोनं केलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कित्येक गाड्यांत बटण दाबलं की इंजिन क्षणभर मंदावतं, उलट्या दिशेची ठिणगी मिळते आणि गाडी मागे जाते. वेगळा रिव्हर्स गिअर लागतच नाही.

बर्फ हेच वंगण, बर्फ हेच पाणी

सर्वांत जुन्या गाड्यांचा पट्टा छोट्या रबरी चाकांच्या रांगेवरून फिरे. नंतर त्या जागी लांब पट्ट्या आल्या, त्यांच्या तळाला प्लॅस्टिकची घसरपट्टी. तिला तेल लागत नाही की ग्रीस लागत नाही. बर्फाचा चुरा आत उडतो, घर्षणाने विरघळतो आणि तेच वंगण. अशी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर नेली तर प्लॅस्टिक बघता बघता वितळून पट्ट्याला चिकटतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचंही तेच. त्यांचा रेडिएटर पुढे नसतो, पट्टा ज्या पत्र्याच्या बोगद्यात फिरतो त्याच्या छताला असतो, आणि पट्टा उडवेल तो बर्फ त्याला थंड करतो. टणक, गुळगुळीत बर्फावर चुरा उडत नाही, म्हणून तिथे अशी गाडी तापते.

पट्टा सरळ फिरतोय का हे बघायला गाडीचं मागचं अंग मजबूत स्टँडवर उचलून इंजिन चालू करतात. त्या वेळी मागे कुणीही उभं राहायचं नाही. सुटलेला खिळा किंवा पत्र्याचा तुकडा गोळीसारखा येतो.

उन्हाळ्यातले भाडेकरू

हंगाम संपला की इंजिनात धुक्यासारखं तेल फवारायचं, कार्ब्युरेटर रिकामा करायचा, पट्ट्याचा ताण सैल करायचा, एवढं सगळे करतात. विसरतात ते उंदरांना. सायलेन्सरची नळी आणि हवेची पेटी म्हणजे उंदरांसाठी तयार घर. आसनातला फोम कुरतडून आत मऊ बिछाना घालतात. शरद ऋतूत पहिल्यांदा चालू केल्यावर गाडीला दम लागत असेल तर आधी सायलेन्सरमध्ये डोकवावं. तोंडाला लोखंडी काथ्याचा बोळा कोंबणं हा जुना उपाय. मात्र तो बोळा घातल्याची चिठ्ठी हँडलला बांधून ठेवावी.

गवतावर, तळ्यात आणि आकाशात

मिनेसोटात सप्टेंबर उजाडला की स्नोमोबाईलच्या शर्यती चक्क गवतावर होतात. विस्कॉन्सिनमधल्या ग्रँट्सबर्गला तर भर जुलैमध्ये तळ्याच्या पाण्यावर! वेग पुरेसा असेल तर रुंद पट्टा गाडीला पाण्यावर तोलून धरतो. वेग उतरला की गाडी थेट तळाला. विस्कॉन्सिनमधल्याच ईगल रिव्हर गावी १९६४ पासून बर्फावरची प्रसिद्ध शर्यत भरते आणि जुन्या गाड्यांची वेगळी शर्यतही होते. त्या दिवसाचा धूर आणि आवाज अनुभवायचा असतो. १९६० च्या दशकातली गाडी ५० फुटांवर १०२ डेसिबलपर्यंत ओरडायची. १९७५ पासून कंपन्यांनी तो ७८ वर आणला.

रोटॅक्सची काही स्नोमोबाईल इंजिनं तर उडाली. हलकी, साधी, भरवशाची, म्हणून अतिहलकी विमानं बांधणाऱ्या हौशी मंडळींनी ती उचलली आणि त्यातूनच रोटॅक्सची विमानइंजिनं आकाराला आली.

आणि उत्तर ध्रुव! मिनेसोटातला राल्फ प्लेस्टेड हा विमा विकणारा माणूस १९६७ मध्ये एकदा हरून आला, पुन्हा गेला आणि एप्रिल १९६८ मध्ये १६ अश्वशक्तीच्या स्की-डू चालवत ध्रुवावर पोचला. अमेरिकी हवाईदलाच्या विमानाने जागेची खातरजमा केली. पीअरी आणि कुक यांच्या दाव्यांवर वाद आहेत, त्यामुळे बर्फावरून ध्रुवावर पोचल्याची निर्विवाद नोंद असलेली ही पहिली तुकडी मानतात. त्रेचाळीस दिवस. तुकडीत बोम्बार्दियेचा पुतण्या जाँ-ल्यूकही होता. काका चार वर्षांपूर्वीच, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गेले होते.

आपल्याकडे हिला ‘स्नो स्कूटर’ म्हणतात. सियाचेनवर लष्कराकडे ती आहे, गुलमर्गला मराठी पर्यटक ती भाड्याने घेऊन फोटो काढतात, आणि गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून अंटार्क्टिकाला जाणारे आपले शास्त्रज्ञ तिच्यावरून बर्फ ओलांडतात.

तुमच्या जिन्याखाली वडिलांची चेतक किंवा आईची लूना कापडाखाली झाकून उभी असेल, तर या रविवारी कापड काढा. पण लगेच किक मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, पेट्रोलची रबरी नळी बदला, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि एक रात्र थांबा. सोमवारी सकाळी किक मारा.